यांकी स्टेडियम, चौथा मजला: बॉस्टनविरुद्धचा सलामीचा सामना

न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बेसबॉलच्या सीझनचा पहिला सामना बघायचा असेल, आणि समोर बॉस्टन असेल, तर तिकीट चौथ्या मजल्याचं काढा. खालच्या मजल्यावर मी दोनदा बसले आहे. तिथून खेळाडूच्या बुटांना लागलेली माती दिसते, त्याचा आनंद वेगळा. पण चेंडू मारल्यावर नऊ माणसं एकदम कशी हलतात, कोण कुणाच्या मागे धावतं, कोण रिकाम्या बेसवर जाऊन उभं राहतं, हे सगळं एका नजरेत वरूनच दिसतं. शुक्रवारी, 8 एप्रिल 2022ला, मी माझ्या सासऱ्यांना घेऊन गेले होते. ते पहिल्यांदाच बेसबॉल बघत होते आणि तिसऱ्या इनिंगपर्यंत (एका सामन्यात अशा नऊ) त्यांना खेळ कळायला लागला. त्याचं अर्धं श्रेय मी त्या मजल्याला देते.

बाबा मिरजेचे. रेल्वेत गार्ड होते. वय 76. फेब्रुवारीत आमच्याकडे न्यू जर्सीला आले, तेव्हा बेसबॉल बंदच होता. मालक आणि खेळाडूंच्या करारावरून 99 दिवस टाळेबंदी चालली आणि मार्चमध्ये कुठे ती उठली. सलामी 7 एप्रिलला ठरली, घरच्या मैदानावर, बॉस्टनशी. मी त्याच रात्री तिकिटं शोधायला बसले. मी ज्या पुनर्विक्रीच्या साइटवरून घेतली तिथे यादीत एक किंमत होती आणि शेवटच्या पानावर ‘सेवा’ म्हणून एवढी रक्कम वाढली की त्यात दोघांचं जेवण झालं असतं. मला राग आला, अजूनही येतो. 2022 साली तिकीट घेताना शेवटचं पान उघडेपर्यंत कुठलीही किंमत खरी मानता यायची नाही.

पुढे पावसाच्या अंदाजामुळे गुरुवारचा सामना आदल्या दिवशीच शुक्रवारवर ढकलला. तिकिटं तीच चालली. मला लॅबमधली सुट्टी बदलून घ्यावी लागली, एवढंच. बाबांना मात्र एका गोष्टीचं वाईट वाटलं. तिकीट फोनमध्ये असतं, कागदाचं मिळत नाही. त्यांच्याकडे मिरजेला एका डब्यात जुनी पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटं आहेत, सर्कशीची आहेत, 1970च्या आसपासची नाटकांची आहेत. “मग घरी काय न्यायचं ग?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “बाबा, स्कोअरकार्ड न्यायचं. त्यावर तुम्ही स्वतः लिहायचं.”

जायचं कसं, तर गाडीने अजिबात जाऊ नका. आम्ही न्यू जर्सीतल्या मेट्रोपार्कहून रेल्वेने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन केलं, तिथून चालत हेरल्ड स्क्वेअर आणि मग डी गाडी पकडून थेट 161वा स्ट्रीट. जिना चढून वर आलात की स्टेडियम समोर उभं. शेजारच्या रिव्हर अव्हेन्यूवर लोखंडी खांबांवरून 4 नंबरची गाडी जाते, ती डोक्यावरून गेली की बोलणं थांबवावं लागतं. बाबा तिथेच उभे राहिले. दोन गाड्या जाऊ दिल्या, मग हलले. रस्त्याच्या पलीकडे आता हिरवीगार मैदानं आहेत, तिथे 2008 पर्यंत जुनं स्टेडियम होतं. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा त्या जुन्यात बसले होते, म्हणून त्या बाजूला एकदा बघितल्याशिवाय मी आत जात नाही.

खाण्याचं बायकांनी (आणि पुरुषांनीही) नीट वाचा. बाहेरचं खाणं आत नेता येतं, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत पाहिजे. पाण्याची प्लास्टिकची बाटली सीलबंद असेल तर चालते. मी धपाटे नेले होते, मधोमध दुमडून, आणि शेंगदाण्याची सुकी चटणी. दारावरच्या मुलीने पिशवी उजेडात धरून बघितली, तिळांकडे बोट दाखवून हे काय विचारलं, आणि छान दिसतंय म्हणून परत दिली. चटणी सुकीच न्या. वर वाऱ्यात दही सांभाळत बसाल तर एखादा होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) हुकेल.

आत काय घ्यायचं, तर भाजलेल्या शेंगा. सालीसकट, खारवलेल्या. बाबांनी पिशवी हातात घेतली, एक शेंग अंगठ्याने दाबून फोडली, दाणा बघितला, मग साल जिभेला लावून बघितली. “मीठ आत कसं गेलं? साल तर अख्खी आहे.” आख्खी शेंग मिठाच्या पाण्यात मुरवून मग भाजतात, असं मी सांगितलं. त्यांनी पुढच्या चार शेंगा नुसत्या तपासत फोडल्या. दाणा मोठा आहे पण आपल्या शेंगेसारखा तेलकट गोड नाही, असं त्यांचं मत पडलं, आणि मिरजेच्या माणसाचं शेंगेबद्दलचं मत मी खोडत नाही. सालं मात्र पायाशीच टाकायची, हे त्यांना पटायला दोन इनिंग गेल्या. तोवर त्यांनी ती रुमालात जमवली होती.

जागेचं सांगते. आम्ही होम प्लेटच्या मागे, तिसऱ्या बेसच्या बाजूला झुकून बसलो होतो. पायऱ्या चांगल्याच चढाच्या आहेत. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, पण शेवटच्या रांगा आपल्याच गुडघ्यांवर चढायच्या असतात, तेव्हा वडीलधारी मंडळी असतील तर खालच्या रांगा बघून घ्या. दुसरं, दुपारच्या सामन्यात तिसऱ्या बेसच्या बाजूला सावली आधी येते. जुलैत ती सोन्यासारखी, एप्रिलमध्ये बोचरी. उजव्या मैदानाकडची मंडळी उन्हात बसली होती आणि मी बाबांच्या मांडीवर दुसरी शाल टाकत होते. पण डोक्याच्या वर छताच्या कडेने ती पांढरी महिरप धावते, 1923च्या मूळ स्टेडियमची आठवण म्हणून तशीच पुन्हा केलेली, ती इतक्या जवळून चौथ्या मजल्यावरच दिसते.

आमच्या डाव्या हाताला एक जोडपं होतं, साठीच्या पुढचं, दोघांच्या डोक्यावर बॉस्टनची बी अक्षराची टोपी. कनेटिकटहून आले होते. कनेटिकट हे राज्य बरोब्बर दोन शहरांच्या मधे आहे आणि तिथे घराघरांत ही फाळणी असते, एक भाऊ इकडचा, दुसरा तिकडचा. त्या बाईंच्या मांडीवर माझ्यासारखीच स्कोअरची वही होती. आम्ही दोघींनी एकमेकींच्या पेन्सिली बघितल्या आणि हसलो. बाबांनी हळूच विचारलं, “ह्यांच्याशी बोललं तर चालतं ना?”

का विचारलं त्यांनी, तर आदल्या रात्री मी त्यांना या वैराची सगळी कथा सांगितली होती. बेब रूथ हा बॉस्टनचा खेळाडू. 1920च्या जानेवारीत त्याला न्यूयॉर्कला विकल्याचं जाहीर झालं. तोवर बॉस्टनने पाच वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाची अजिंक्यपदं, जिंकल्या होत्या आणि न्यूयॉर्कने एकही नाही. त्यानंतर न्यूयॉर्कने 27 जिंकल्या, आणि बॉस्टनला 1918 नंतर पुढची जिंकायला 86 वर्षं लागली. बाबा म्हणाले, “घरचा बैल विकला आणि शेजाऱ्याचं शेत पिकलं.” मी इतकी वर्षं ही गोष्ट लोकांना सांगते आहे, इतक्या थोडक्यात मला कधी जमली नव्हती.

आणि 2004. मी सप्टेंबरमध्ये लग्न होऊन आले. नवरा दिवसभर कामावर, बाहेर कुणी ओळखीचं नाही, आणि ऑक्टोबरमध्ये रोज रात्री टीव्हीवर हे दोन संघ. मी न्यूयॉर्कची झाले कारण शेजारच्या इमारतीतल्या आजी न्यूयॉर्कच्या होत्या आणि त्या मला जेवायला बोलवायच्या. सातपैकी चार सामने जिंकायचे होते आणि आम्ही 3-0 ने पुढे होतो. चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगला आम्ही एका धावेने पुढे, मारियानो रिवेरा चेंडू टाकतोय, आणि बॉस्टनच्या डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, म्हणजे फटका न बसताच पळून गाठला. तिथून ते चारही सामने जिंकले. तीन सामने मागे पडून चार जिंकणं अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलच्या इतिहासात त्याआधी कुणालाही जमलं नव्हतं. शेवटच्या रात्री आजींनी टीव्ही बंद केला आणि मला दुधीचं काहीतरी वाढलं, त्याची चव मला आठवत नाही. 2021च्या ऑक्टोबरचं दुःख तर अगदी ताजं होतं. बॉस्टनच्या फेनवे पार्कवर एकाच सामन्यावर सगळा निकाल, आमचा सगळ्यात महाग पिचर (चेंडू टाकणारा) गेरिट कोल तिसऱ्या इनिंगमध्येच बाहेर, आणि बॉस्टन 6-2. शुक्रवारी त्याच कोलने त्याच बॉस्टनसमोर चेंडू हातात घेतला.

सामना एक वाजून पाच मिनिटांचा होता. आधी समारंभ, ओळखी, मग अभिनेता बिली क्रिस्टल पहिला मानाचा चेंडू टाकायला आला, आणि ते सगळं लांबलं. कोल तयार होऊन ताटकळत उभा. बाबांनी मनगटावरच्या एचएमटीकडे बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. मग ब्लीचर्समधून, म्हणजे बाहेरच्या मैदानामागच्या बाकांवरून, हजेरी सुरू झाली. पहिल्या इनिंगमध्ये तिकडची पब्लिक एकेका खेळाडूचं नाव घेऊन ओरडत राहते, तो हात वर करेपर्यंत थांबत नाही. आमच्या ॲरन जजचं नाव आलं तेव्हा मीही चौथ्या मजल्यावरून ओरडले. त्याच सकाळी बातमी आली होती की 7 वर्षांचा, 21 कोटी 35 लाख डॉलरचा करार त्याने नाकारला. हा माणूस आमच्याकडे राहावा असं मला फार मनापासून वाटतं, आणि ते त्याला ऐकू जावं एवढ्या जोरात मी ओरडले.

पण सुरुवातच वाईट झाली. बॉस्टनच्या डेव्हर्सने दोन धावांचा होम रन ठोकला, मागोमाग आणखी एक धाव, आम्ही एकही चेंडू खेळायच्या आत 3-0. आजूबाजूला स्मशानशांतता. बॉस्टनच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या त्या हातमोजे घालून, आवाज न करता. त्यांचं ते सभ्यपण मला फार आवडलं. खालच्याच अर्ध्या इनिंगमध्ये, म्हणजे आमची बॅटिंग आल्यावर, आमच्या रिझोने दोन धावांचा मारला आणि मग मी काही आवाज राखला नाही.

आता वहीबद्दल. स्कोअरकार्ड ठेवणं हा या खेळाचा माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग आहे आणि चौथ्या मजल्यावर तो नीट जमतो, कारण सगळे क्षेत्ररक्षक समोर मांडलेले असतात. प्रत्येक जागेला आकडा आहे. पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप 6, मग बाहेरचे तिघे 7, 8, 9. चौकोनात छोटा हिरा असतो, खेळाडू जेवढे बेस धावला तेवढ्या रेघा गडद करायच्या, घरी पोचला की हिरा भरून टाकायचा. शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसला फेकला तर 6-3. बॅट फिरवूनही चेंडू हुकून बाद झाला तर के. नुसता बघत उभा राहून बाद झाला तर के उलटा.

बाबांनी दोन इनिंग बघितलं आणि वही मागितली. “दे इकडे. हे तर गार्डाचं जर्नल आहे.” प्रत्येक स्टेशनची आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, थांबली तर का थांबली, हे सगळं त्यांनी आयुष्यभर हलत्या डब्यात कंदिलाच्या उजेडात लिहिलंय. त्यांची पेन्सिल चालायला लागली आणि माझी अक्षरं एकदम गबाळी दिसायला लागली. आकडे सुबक, हिऱ्याच्या रेघा पट्टी लावल्यासारख्या. चौथ्या इनिंगमध्ये आमच्या स्टँटनचा होम रन झाला, 3-3. अख्खा मजला उभा, मी नाचते आहे, आणि बाबा बसून तो हिरा भरताहेत, कडेच्या बाहेर काळं जाऊ न देता. मग वर बघून म्हणाले, “हं. आता टाळ्या.” बॉस्टनच्या बाई वाकून त्यांचं पान बघत होत्या. त्यांनी स्वतःचं पान पुढे केलं, दोघांनी एक नोंद ताडून बघितली. बाईंचं चुकलं होतं. त्यांनी खोडून बरोबर केलं आणि धपाट्याचा दुसरा तुकडा मागून घेतला.

सहाव्यात वर्डुगोने एक धाव काढून दिली, बॉस्टन 4-3. तिथून पुढे मी काही खाल्लं नाही. आठव्यात आमच्या लमेह्यूने बरोबरी करणारा होम रन मारला तो गॅरेट व्हिटलॉकच्या चेंडूवर. हा व्हिटलॉक आमच्याच कनिष्ठ संघात वाढलेला पोरगा. नियमाप्रमाणे त्याला राखीव यादीत घातलं नाही म्हणून डिसेंबर 2020 मध्ये बॉस्टनने उचलला, आणि 2021 मध्ये तो आमच्याविरुद्ध चेंडू टाकायला आला की मला दर वेळी चुटपुट लागायची. यावेळी पहिल्यांदा नाही लागली.

नऊ इनिंगनंतरही 4-4 बरोबरीच. दहाव्या इनिंगपासून दर वेळी दुसऱ्या बेसवर एक धावणारा आधीच उभा करतात. 2020 पासूनचा नियम आहे. बाबांना तो मुळीच पटला नाही. “काही न करता अर्धा रस्ता गेला? मग ह्याची नोंद कुठे करायची?” बॉस्टनच्या आजोबांनी मान हलवून त्यांना दुजोरा दिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण या मुद्द्यावर त्यांचं पूर्ण एकमत झालं. मलाही तो नियम आवडत नाही, पण खरं सांगायचं तर त्यामुळे गारठ्यात बसलेल्या माणसाच्या छातीत जे होतं ते कशानेच होत नाही. बोगार्ट्सने बॉस्टनला 5-4 पुढे नेलं. ग्लेबर टॉरेस बदली म्हणून आला आणि लांब झेल देऊन, पण त्यावर एक धाव आणून, बरोबरी करून गेला. अकरावी. आमच्या मायकेल किंगने बॉस्टनला रोखलं, आणि खालच्या अर्ध्यात जॉश डोनाल्डसन.

हा आमच्याकडून पहिलाच सामना खेळत होता, मार्चमध्येच मिनेसोटाहून आलेला. दुसऱ्या बेसवर कायनर-फलेफा, तोही त्याच सौद्यात त्याच्याबरोबर आलेला. चेंडू मधून गेला. वरून ते असं दिसलं: पांढरा ठिपका पिचरच्या पलीकडे गवतावर गेला, त्याच क्षणी दुसऱ्या बेसवरचा माणूस तिसऱ्याला वळसा घालून घराकडे निघाला, आणि डगआउटमधून, आमच्या खेळाडूंच्या बसायच्या जागेतून, सगळे एकदम बाहेर सांडले. 6-5. खाली बसलेल्यांना आधी धावणारा दिसला असेल किंवा आधी चेंडू. मला दोन्ही एकाच वेळी दिसले. मी बाबांना मिठी मारली, ते एका हाताने वही वर धरून होते, चुरगळू नये म्हणून.

गायक फ्रँक सिनात्राचा आवाज सुरू झाला, लोक गात गात जिन्याकडे निघाले. बॉस्टनच्या बाईंनी वही मिटली, बाबांना “गुड बुक” म्हणाल्या आणि मला फेनवेला या म्हणाल्या. मी येईन म्हटलं आहे आणि मी जाणार आहे. निघताना घाई करू नका, दहा मिनिटं जागेवरच बसा, खालची गर्दी ओसरते आणि मोकळं मैदान बघायला मिळतं. बाबांनी त्या वेळात राहिलेल्या शेंगा माझ्या पर्समध्ये आणि सालं पायाशी टाकली.

डी गाडीत त्यांना बसायला जागा मिळाली. त्यांनी वही उघडली, पेन्सिल मागितली, आणि पानाच्या डोक्यावर, जिथे तारीख आणि हवामान लिहायला जागा असते, तिथे मराठीत लिहिलं: ‘सुटण्याची वेळ 1.05. प्रत्यक्षात उशिरा सुटली. कारण: पाहुणे.’